ठिपके मोजून नातं कळत नाही : ढालकिड्यांच्या वंशावळीची पावणेदोनशे वर्षं

रब्बीच्या दिवसांत बदनापूर, अंबड किंवा घनसावंगीकडच्या करडईच्या रानात गेलात तर शेंड्यांवर काळा मावा दिसतो, आणि त्याच्या मागावर आलेले लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचे किडेही दिसतात. कृषी खात्याच्या पत्रकात यांना ढालकिडे म्हणतात, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात लेडीबर्ड बीटल, आणि शेतीशाळेत सरळ ‘मित्रकिडा’. आता त्याच बांधाला लागून वांग्याची चार सरी असतील तर तिकडे बघा. तिथेही तसाच गोलसर, पाठीवर ठिपके असलेला किडा सापडेल. तो मात्र मावा खात नाही. तो पानाचा हिरवा भाग खरवडतो आणि शिरांची जाळी शिल्लक ठेवतो. याच्या पाठीवर बहुधा अठ्ठावीस ठिपके असतात, आणि तोही ढालकिडाच आहे. दोघांचं कुळ एकच, कॉक्सिनेलिडी. जगभरात या कुळात सहा हजारांच्या आसपास प्रजाती आहेत.

मग प्रश्न असा की करडईवरचा मित्र आणि वांग्यावरचा शत्रू हे एकमेकांचे कोण? सख्खे, चुलत, की नुसते नावाचे भाऊबंद?

हा प्रश्न नवा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याची पाच-सहा वेगवेगळी उत्तरं देऊन झाली आहेत, आणि दर वेळी उत्तर बदललं ते नातं ओळखायची खूण बदलली म्हणून. आज आपण त्या खुणेला मार्कर म्हणतो. पेट, सेट, नेटच्या तयारीत आपण मार्करची यादी पाठ करतो : आरएपीडी, सीओआय, १८एस. पण संशोधन आराखडा लिहायला बसल्यावर गाइड विचारतात, ‘हाच मार्कर का?’ तेव्हा यादी कामाला येत नाही, इतिहास येतो. म्हणून हा लेख.

नाव देणं वेगळं, नातं लावणं वेगळं

१७५८ साली लिनियसने ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत आपल्या ओळखीच्या ढालकिड्याला नाव दिलं : कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा, म्हणजे सात ठिपक्यांचा. त्याचा डॅनिश विद्यार्थी फॅब्रिसियस याने १७७५ मध्ये वांग्यावरच्या किड्याचं नामकरण केलं. आजचं त्याचं नाव हेनोसेपिलॅक्ना विजिंटिऑक्टोपंक्टाटा, म्हणजे अठ्ठावीस ठिपक्यांचा. १७८१ मध्ये त्यानेच आणखी दोन प्रजाती नोंदवल्या, ज्या आज आपल्या कपाशीत आणि मक्यात सर्रास दिसतात. एक कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस आणि दुसरी चेलोमेनिस सेक्समॅक्युलाटा, म्हणजे ‘सहा डागांची’.

गंमत अशी की या सहा डागांच्या प्रजातीचे शंभर किडे गोळा केले तर त्यांत नागमोडी पट्ट्यांचे निघतील, डाग एकमेकांत मिसळलेले निघतील, काही जवळजवळ काळेही निघतील. नावात सहा, पाठीवर कितीही! लिनियसच्या काळात हे चालून जायचं, कारण तेव्हा वर्गीकरण म्हणजे कपाटात खण पाडण्यासारखं होतं. कुठली वस्तू कुठल्या खणात हे कळलं की झालं. खण म्हणजे घराणं, आणि वर्गीकरण म्हणजे वंशावळ, ही समज १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आल्यानंतर रुजली.

आधी अन्न, मग केस

तरीही डार्विनच्या आधीच ढालकिड्यांचे मोठे गट पाडायचा प्रयत्न सुरू झाला होता. १८४३ मध्ये व्हिएन्नाच्या लुडविग रेडटेनबाखरने खूण निवडली ती अन्नाची : पानं खाणारे एकीकडे, मावा खाणारे दुसरीकडे. शेतकऱ्याच्या डोक्यात आजही हीच विभागणी आहे, मित्र आणि शत्रू.

तीनच वर्षांनी, १८४६ मध्ये, फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या एतियेन म्युल्साँने वेगळीच खूण धरली. त्याने किड्याची पाठ बघितली. पाठ गुळगुळीत असेल तर एक गट, पाठीवर बारीक लव असेल तर दुसरा. १८५० मध्ये त्याने हीच पद्धत जगभरच्या ढालकिड्यांना लावली. परिणाम बघा. आपला वांग्यावरचा किडा लवदार आहे. आणि मावा किंवा पिठ्या ढेकूण खाणारे स्किम्नससारखे चिमुकले ढालकिडेही लवदारच. म्हणजे रेडटेनबाखरच्या हिशोबात जे दोघे परके, ते म्युल्साँच्या हिशोबात एका गटात आले.

यात बरोबर कोण? त्या काळात हे ठरवायला जागाच नव्हती. एका खुणेने काढलेला गट दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याने तपासता आला पाहिजे. तसा पुरावा हाताशी नसेल तर वाद आवडीनिवडीचा होतो. तुमच्या आराखड्यात एकच मार्कर असेल तर तुम्ही १८४६ मध्येच उभे आहात, एवढं लक्षात ठेवा.

हा वाद नुसता संग्रहालयाचाही राहिला नाही. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका कापशी खवले किडीने संपत आल्या होत्या. अल्बर्ट कोबेल याने ऑस्ट्रेलियातून रोडोलिया कार्डिनॅलिस हा ढालकिडा आणला आणि दोनेक वर्षांत बागा सावरल्या. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातलाच क्रिप्टोलिमस मोंट्रुझिएरी भारतात आणला गेला. पिठ्या ढेकणासाठी आजही तो प्रयोगशाळेत वाढवून बागांत सोडतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. त्या बागेत कुठल्या किडीवर कोणता ढालकिडा उपयोगी पडेल हे शोधताना त्याचे जवळचे नातेवाईक काय खातात हा पहिला धागा असतो. नातं चुकलं की धागा चुकला.

ठिपक्यांचं गुपित

विसाव्या शतकात ठिपके पुन्हा चर्चेत आले, पण वेगळ्या कारणाने. थिओडोशियस डोब्झान्स्की हे नाव आपण ‘जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १९३७ च्या पुस्तकामुळे आणि फळमाशीमुळे ओळखतो. पण त्यांची सुरुवात ढालकिड्यांपासून झाली. १९१८ मधला त्यांचा पहिला शोधनिबंध कीव्ह परिसरातल्या ढालकिड्याच्या नव्या प्रजातीवर होता. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी दाखवलं की हार्मोनिया ॲक्सिरिडिस या आशियाई ढालकिड्याची वेगवेगळी रंगरूपं प्रदेशागणिक वेगळ्या प्रमाणात आढळतात. या एका प्रजातीची दोनशेहून अधिक रंगरूपं नोंदली गेली आहेत.

डोब्झान्स्कींच्या हाताखाली तयार झालेले चिनी शास्त्रज्ञ तान च्या-चेन यांनी पुढचं पाऊल टाकलं. युद्धाच्या काळात त्यांचं विद्यापीठ देशाच्या आतल्या भागात, ग्वेचौ प्रांतातल्या मेईतान गावी हलवलं होतं. तिथे अपुऱ्या साधनांत त्यांनी हार्मोनियाचे संकर केले आणि १९४६ मध्ये निबंध छापला. वेगवेगळ्या नक्षीच्या आई-बापांची पिल्लं बघितली तर दोघांचेही काळे भाग पिल्लाच्या पाठीवर एकावर एक उमटलेले दिसतात, असं त्यांना आढळलं. या नक्षी एकाच जनुकाच्या निरनिराळ्या प्रती असल्यासारख्या वागत होत्या.

तो जनुक हाती लागायला २०१८ उजाडलं. जपान आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हार्मोनियाच्या पाठीवरच्या नक्षीचं बटण म्हणजे पॅनियर नावाचा एकच जनुक. एका जनुकाच्या आसपासचा क्रम बदलला की लाल किडा काळा होतो. इतक्या सहज पालटणाऱ्या खुणेवर दूरची नाती कशी लावणार? ठिपके त्या किड्याच्या आयुष्यात महत्त्वाचे आहेत. ‘मी कडू आहे, मला खाऊ नको’ हा पक्ष्याला दिलेला इशारा त्यात असतो. पण वंशावळीसाठी ते कच्चे कागद आहेत.

शरीररचनेकडून जनुकाकडे

नातं लावायचं शास्त्र पक्कं केलं ते जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी. १९५० मध्ये जर्मनमध्ये आणि १९६६ मध्ये इंग्रजीत त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दोघांमध्ये साम्य आहे म्हणून ते नातेवाईक नव्हेत. जी खूण एका विशिष्ट पूर्वजात नव्याने आली आणि त्याच्याच वंशजांत वाटली गेली, तीच खूण नात्याची साक्ष देते. सहा पाय सगळ्याच कीटकांना असतात, म्हणून सहा पाय दाखवून दोन ढालकिड्यांचं सख्खेपण सिद्ध होत नाही.

१९६८ मध्ये जपानच्या हिरोयुकी सासाजी यांनी प्रौढ किडे आणि अळ्या या दोन्हींची रचना तपासून कुळाची सहा उपकुळं पाडली. पाठ्यपुस्तकांत आपण जी उपकुळं शिकतो, कॉक्सिनेलिनी, चिलोकोरिनी, स्किम्निनी, एपिलॅक्निनी वगैरे, ती बरीचशी इथून आलेली. ही चौकट चाळीसेक वर्षं टिकली.

दरम्यान प्रयोगशाळेत खुणांची नवी खाण उघडली होती. १९६६ मध्ये लेवोंटिन आणि हबी यांनी फळमाशीची प्रथिनं जेलवर पळवून एकाच प्रजातीत किती जनुकीय विविधता दडलेली असते ते दाखवलं. १९७७ मध्ये सँगर यांची डीएनए-क्रम वाचायची पद्धत आली, १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी सीओआय जनुकाचा तुकडा बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांत वाढवता येईल अशी प्राइमरची जोडी दिली. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी त्याच ६५८ अक्षरांच्या तुकड्याला प्राण्यांचा बारकोड म्हणावं असं सुचवलं. जालन्याहून साठेक किलोमीटरवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधतेच्या अभ्यासासाठी या हेबर्ट यांच्याच नावाचं केंद्र आहे. म्हणजे ही तंत्रं आता आपल्या उंबऱ्याशी आलेली आहेत.

वंशावळ उलगडली, आणि चौकट मोडली

२००९ मध्ये जिओर्जी आणि सहकाऱ्यांनी १८एस आणि २८एस या दोन केंद्रकीय जनुकांवरून ६२ नमुन्यांचं झाड काढलं आणि त्यावर कोण काय खातं ते मांडलं. निष्कर्ष असा : ढालकिड्यांचा मूळ पूर्वज ना मावा खाणारा, ना पानं खाणारा. तो खवले किडी खाणारा होता. तिथून माव्याकडे किमान तीन वेळा स्वतंत्रपणे वळण घेतलं गेलं. पानं खाण्याकडे दोनदा : एकदा एपिलॅक्नांच्या शाखेत, आणि एकदा मावा आणि पराग खाणाऱ्या दुसऱ्या एका गटातून. भुरीची बुरशी खाणारे पिवळे ढालकिडे, आपल्याकडे तुतीवर आणि वेलवर्गीय पिकांवर दिसणारा इलेइस त्यांतलाच, हे मावा खाणाऱ्यांच्या घराण्यातून निघाले.

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. वांग्यावरचा शत्रू आणि करडईवरचा मित्र दोघंही शिकाऱ्याच्याच घरातले. एकाने शिकार बदलली, दुसऱ्याने शिकारच सोडली. आणि ‘मावा खाणारे’ हा रेडटेनबाखरचा गट म्हणजे एक घराणं नव्हेच. वेगवेगळ्या गावांहून येऊन एकाच धंद्याला लागलेली माणसं असावीत तसं ते आहे.

२०१० मध्ये माग्रो आणि सहकाऱ्यांनी पाच जनुकं घेतली, दोन केंद्रकातली आणि तीन मायटोकॉन्ड्रियातली, आणि ६१ प्रजाती तपासल्या. सासाजींच्या उपकुळांपैकी कॉक्सिनेलिनी तेवढं एकसंध निघालं. चिलोकोरिनी, स्किम्निनी, कॉक्सिड्युलिनी, एपिलॅक्निनी यांच्या सीमा त्या झाडावर टिकल्या नाहीत. त्याआधी २००७ मध्येच स्लिपिन्स्की यांनी सहा-सात उपकुळं मोडून दोनच ठेवा असं सुचवलं होतं. २०११ मध्ये शरीररचना आणि डीएनए एकत्र घेऊन केलेल्या अभ्यासाने त्या पहिल्या फाट्याला दुजोरा दिला. २०२१ मध्ये कितीतरी जास्त जनुकं आणि प्रजाती घेतल्यावर आकडा तीनवर आला. म्हणजे पुस्तकातलं वर्गीकरण आणि संशोधनातलं वर्गीकरण यांत आज अंतर आहे. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, प्रबंधात मात्र कोणाचं वर्गीकरण वापरलं आणि का, हे सांगा.

आईकडची वंशावळ

आता वाटेल की डीएनए आला, वाद मिटला. तसं नाही. मार्कर म्हणून सर्वांत सोपा सीओआय, आणि त्याचीच एक मोठी अडचण आहे. तो मायटोकॉन्ड्रियात असतो आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. आपल्या घरच्या वंशावळीत बहुधा बापाकडचीच नावं असतात. आजीचं माहेर कुठलं हे विचारलं की कागद गप्प बसतो. सीओआयचं झाड म्हणजे याच्या उलट, फक्त आईच्या आईच्या आईची रांग. तिथे बापाकडचं काहीच नाही.

ढालकिड्यांत ही अडचण जास्त गंभीर आहे. युरोपातल्या दोन ठिपक्यांच्या अडालिया बायपंक्टाटामध्ये नर भ्रूण मारणारे जिवाणू राहतात : रिकेट्सिया, स्पायरोप्लाझ्मा, वोल्बाकिया. लाग झालेल्या मादीच्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्याच निघतात. मेलेली अंडी खाऊन या बहिणी तगतात, आणि त्यांच्यासोबत जिवाणूही पसरतो. तो अंड्यातूनच पुढे जातो, मायटोकॉन्ड्रियाही अंड्यातूनच जातात. मग जिवाणूच्या पाठीवर बसून एक विशिष्ट मायटोकॉन्ड्रियाही पसरतो. २००५ मध्ये जिगिन्स आणि टिन्सली यांनी अडालियात नेमकं हे दाखवलं. तिथे मायटोकॉन्ड्रियातले फरक किड्यांच्या वंशाचा नव्हे, तर जिवाणूच्या प्रवासाचा इतिहास सांगत होते. आपल्या चेलोमेनिस सेक्समॅक्युलाटामध्येही, जपानमधल्या नमुन्यांत, नर मारणारा जिवाणू सापडलेला आहे.

दुसरी अडचण वेगाची. सीओआय झपाट्याने बदलतो. जवळच्या प्रजाती ओळखायला तो उत्तम. पण कोट्यवधी वर्षांत एकाच जागेवरचं अक्षर पुन्हा पुन्हा बदलतं. पाटीवर लिहून, पुसून, परत लिहिल्यासारखं. शेवटचं अक्षर दिसतं, मधली पुसलेली दिसत नाहीत. जुन्या फांद्यांसाठी म्हणून १८एस, २८एससारखे सावकाश बदलणारे जनुक लागतात. उलट, अंबड आणि भोकरदनमधल्या एकाच प्रजातीच्या किड्यांत फरक शोधायला १८एस घेतला तर सगळे क्रम सारखेच येतील.

मग जालन्यात बसून काय करता येईल?

मित्रांनो, एक आराखडा वारंवार दिसतो : तालुक्यातून पाच-सहा प्रजाती गोळा करायच्या, सीओआय वाचायचा, मेगा सॉफ्टवेअरमध्ये झाड काढायचं, आणि शीर्षक द्यायचं ‘ढालकिड्यांतील उत्क्रांतीय संबंध’. हा डेटा वाया जात नाही, पण शीर्षकातला प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. सहा हजारांतल्या सहा प्रजातींवरून कुळाची वंशावळ लागत नाही, आणि लागली तरी जुन्या फांद्यांवरचे बूटस्ट्रॅपचे आकडे पडलेले असतात. फेल्सेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये ही कसोटी दिली ती झाडाला सजवायला नव्हे, कुठल्या फांदीवर भार टाकायचा नाही हे कळायला.

त्याच डेटातून आवाक्यातले आणि उपयोगाचे प्रश्न मात्र सुटतात. एक उदाहरण घ्या. ढालकिड्याची अळी प्रौढासारखी अजिबात दिसत नाही. करड्या रंगाची, केशरी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. क्रिप्टोलिमसची अळी तर अंगावर पांढरे मेणचट धागे घेऊन हिंडते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. शेतकरी कीड समजून तिच्यावरच फवारणी करतो. अंडं, अळी, कोष आणि प्रौढ यांचा सीओआय एकच असतो. म्हणून कपाशीतली, मोसंबीतली प्रत्येक अळी कोणत्या प्रौढाची हे बारकोडने पक्कं करून जिल्ह्यासाठी छायाचित्रांची ओळखपुस्तिका करता येईल. दुसरा प्रश्न : चेलोमेनिसची नागमोडी, डागाळ आणि काळी रूपं खरंच एकच प्रजाती आहेत का? इथे सीओआयसोबत एक केंद्रकीय जनुक घ्या आणि जिवाणूंची पीसीआर चाचणीही लावा, म्हणजे आईची रांग आणि खरी वंशावळ यांत गल्लत होणार नाही.

हे करताना तीन पथ्यं पाळा. डीएनएसाठी एकच पाय काढा आणि बाकी किडा ठिकाण, तारीख, पीक लिहून जपून ठेवा. क्रम कोणत्या किड्याचा हे पुन्हा तपासता आलं नाही तर तो क्रम निराधार होतो. ओळख पटवताना जनबँकेतल्या पहिल्या जुळणीवर विसंबू नका, कारण तिथलं नावही कोणीतरी ठिपके बघून दिलेलं असू शकतं. जे. पूरणी यांची भारतीय उपखंडातल्या ढालकिड्यांची २००२ मधली सटीप सूची आणि नराच्या जननांगांची रचना यांच्याशी ते पडताळा. आणि झाडाला बाहेरचा गट द्या, ढालकिडा नसलेला पण जवळचा एखादा भुंगेरा. त्याशिवाय झाडाचं मूळ कुठे आणि शेंडा कुठे हे ठरत नाही.

रेडटेनबाखरची अन्नाची खूण खोटी नव्हती, म्युल्साँची लवही खोटी नव्हती. दोघांनीही खऱ्याच गोष्टी बघितल्या होत्या. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर ती खूण देऊ शकत नव्हती तो प्रश्न तिच्यावर लादला. सीओआयच्या बाबतीतही तेच होऊ शकतं, मशीन कितीही महागडं असलं तरी. म्हणून आराखड्यात मार्करचं नाव लिहिण्याआधी एक ओळ लिहा : मला कोणाचं नातं, किती जुनं, आणि कोणाच्या बाजूचं शोधायचं आहे? ती ओळ जमली की मार्कर कोणता हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं, आणि गाइडच्या ‘हाच का?’ला उत्तरही तयार असतं.